कमी आवाजाचं यंत्र

दुकानदारानं यंत्राचं बटण दाबलं आणि सिस्टरनी डोळे मिटले.

दुकानदार घाबरला. उभ्या उभ्या चक्कर येणारी गिऱ्हाइकं त्यानं पाहिली होती. त्यानं पटकन बटण सोडलं आणि काउंटरमागचं स्टूल पुढे ओढलं.

“बंद का केलंत?” सिस्टर डोळे न उघडताच म्हणाल्या. “ऐकतेय मी.”

त्यानं पुन्हा बटण दाबलं. सिस्टर वळल्या, दुकानाच्या पार दुसऱ्या टोकाला रंगाच्या डब्यांपाशी गेल्या, भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि तिथून ऐकू लागल्या. मग परत येऊन, डॉक्टरांना पेशंटची हालहवाल सांगावी तशा सुरात म्हणाल्या की याचाही आवाज मोठाच आहे, याहून कमी असेल तर बघा.

अंगणातला पालापाचोळा उडवायचा ब्लोअर घ्यायला येणारा माणूस आधी ताकद विचारतो, मग वॉरंटी विचारतो आणि निघता निघता काही सूट मिळेल का ते विचारतो, असा दुकानदाराचा आजवरचा अनुभव. ही बाई मात्र पोरीला गाण्याचे मास्तर ठरवायला आल्यासारखी एकेकाचा आवाज पारखत होती. पेट्रोलवरचा ब्लोअर त्यानं हौसेनं सुरू केला तेव्हा फळीवरच्या खिळ्यांच्या बरण्या थरथरल्या होत्या, आणि सिस्टरनी दोन्ही हात वर करून तो बंद करायला लावला होता. वायरचा हलका होता, पण वायरी आणि नळ्या ओलांडण्यात आपला जन्म गेला, आता घरात आणखी एक नको, असं त्यांनी सांगितलं. आत्ताचा हा तिसरा पाला ओढून घ्यायचा आणि आत त्याचा भुगा करायचा. त्याच्या पोटातून येणारी करकर त्यांना पार रंगाच्या डब्यांपाशीही ऐकू आली होती.

आता राहिला होता एकच, बॅटरीचा, वरच्या फळीवर धूळ खात पडलेला. दुकानदारानं शिडी लावून तो काढला, पुसला, बॅटरी बसवली आणि काहीसा ओशाळून सुरू केला. कुणीतरी शेजारच्या खोलीत पंखा लावावा तेवढाच आवाज झाला. सिस्टर रंगाच्या डब्यांपर्यंत गेल्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदा हसू आलं.

“मावशी, खरं सांगू का,” दुकानदार म्हणाला. माणूस सरळ होता, धंदा बुडाला तरी चालेल पण शिव्या नकोत, अशा बेताचा. “हा पडून आहे तो उगाच नाही. कोरडी पानं सरकवेल हो. पण एक सर येऊन गेली आणि पानं जमिनीला चिकटली, की हा त्यांना नुसती फुंकर घालणार.”

“फुंकर चालेल,” सिस्टर म्हणाल्या.

“तुम्हाला आवाजाचा त्रास होतो का?”

“मला नाही. शेजारी.”

दुकानदारानं सहानुभूतीनं मान डोलावली. शेजारी म्हटल्यावर पुढे काही विचारायचं नसतं, एवढं त्यालाही कळत होतं.

सिस्टरना घरीदारी सगळे सिस्टरच म्हणत. नोकरी संपली तरी ते नाव काही संपलं नाही. उभी नोकरी त्यांनी रात्रपाळीत काढली. आधी गरज म्हणून मागून घेतली, नंतर अंगवळणी पडली, आणि पुढे पुढे तर दिवसा वॉर्डात जायचं म्हटलं की त्यांना गोंधळल्यासारखं होई. जग जागं असताना झोपायचं आणि जग झोपलं की जागायचं, अशा माणसाला शेजारपाजार कुठून असणार. गल्लीतल्या बायका त्यांना ओळखत त्या कोपऱ्यावर वळणारी पाठ म्हणून.

रात्रीच्या वॉर्डात सिस्टर जे शिकल्या ते एकच, आवाज करायचा नाही. त्यांच्या पहिल्या मेट्रन, म्हणजे सगळ्या नर्सांवरच्या मुख्य बाई, फार कडक. कुणाचा ट्रे खणकला, कुणाची चप्पल वाजली, की त्या टेबलावर पेन्सिल आपटत. टक टक. तोंडानं अवाक्षर नाही. त्या दोन टकटकींनी नव्या पोरींच्या हातातलं काम तिथल्या तिथे थांबे. सिस्टर त्यातच मुरल्या. दोन्ही हातांनी दार लावायचं, चमचा टेकवताना खाली बोट धरायचं, खोकला आला तर पदरात दाबायचा, या सवयी त्यांनी घरीही आणल्या. घरात थोरला भाऊ होता. तो गुळण्या करायचा त्या गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायच्या, रेडिओ तर त्याला कधी हळू लावताच आला नाही. बहिणीच्या वाटणीचा आवाजही तोच करतो, असं त्याचा मुलगा म्हणायचा. मुलगा शिकला, दूर नोकरीला लागला. भाऊ मागल्या साली गेला. तेव्हापासून घर इतकं गप्प झालं की सिस्टरना आपल्याच घरात रात्रपाळीला आल्यासारखं वाटायचं, फक्त पेशंट कुठे दिसत नव्हते.

भाऊ मागे ठेवून गेला ते झाड. सावलीचं म्हणून कुठूनसं रोप आणलं होतं, नाव त्यालाही सांगता आलं नव्हतं. सावली बेतास बात आणि पानं तळहाताएवढी, ती बारा महिने गळायची. तो असताना अंगण झाडायचं काम त्याचं. तो गेला आणि खराटा सिस्टरच्या हाती आला. भल्या सकाळी त्या मागच्या भिंतीपासून सुरुवात करायच्या. वाळकी पानं आणि खराटा, दोघांनाही हळू बोलणं माहीत नाही. खर्र, खर्र, असा आवाज निघायचा आणि सिस्टर आपल्याच आवाजानं चोरट्यासारख्या व्हायच्या.

आणि तशात ते सुरू झालं. मागच्या भिंतीला लागून एक घर होतं. त्याचं तोंड पलीकडच्या रस्त्याला, त्यामुळे तिथे कोण राहतं ते सिस्टरना ठाऊक नव्हतं. त्या घराची एक खिडकी भिंतीवरून डोकवायची, धुरकट काचेची, कायम बंद. एका सकाळी सिस्टर झाडत असताना त्या काचेवर आतून वाजलं. टक टक.

सिस्टरचा खराटा जागच्या जागी थांबला. त्या तशाच आत आल्या. अर्धं अंगण राहिलं ते त्यांनी दुपारी, सगळे जागे असतील अशा बेतानं उरकलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी हलक्या हातानं झाडून पाहिलं. तरी टक टक. तिसऱ्या दिवशी उशिरा झाडलं. तरीही तेच. कधी पहिल्याच फटकाऱ्याला वाजायचं, कधी थोडं झाडून झाल्यावर, पण वाजायचं नेमानं, आणि सिस्टर नेमानं थांबायच्या. आत कुणी आजारी असेल, रात्रभर डोळ्याला डोळा नसेल, पहाटे कुठे लागतो न लागतो तोच आपण खरखर सुरू करतो, अशी त्यांची खात्री होऊन बसली. जाऊन माफी मागावी असं बरेचदा मनात आलं. एकदा तर साडी बदलून त्या कोपऱ्यापर्यंत गेल्याही. पण दार वाजवून म्हणायचं काय, मी ती खरखर करणारी? त्या परत फिरल्या.

त्यात उजवा खांदा धरला. पेशंटना कुशीवर वळवून वळवून झिजलेला खांदा तो, खराट्यानं त्यानं उघड बंड पुकारलं. भाच्याचा रविवारी फोन यायचा. त्यानं एक तर झाड तोड नाहीतर ब्लोअर घे, असा हुकूमच काढला.

“आत्या, तुझ्या खांद्यासाठी सांगतोय मी,” तो म्हणाला.

आत्यानं हो म्हटलं. पण घरातून निघताना तिच्या डोक्यात खांदा नव्हता, खिडकी होती. आपल्यामुळे कुणाला त्रास होऊ नये, मरेपर्यंत होऊ नये, एवढी एकच गोष्ट सिस्टरना या जगाकडून हवी होती आणि तीच त्या काचेमागचं माणूस रोज सकाळी नाकारत होतं.

ब्लोअर घरी आला. सिस्टरनी पहिल्या सकाळी तो खिडकीच्या अगदी खाली सुरू केला आणि श्वास रोखून उभ्या राहिल्या. पानं आळसावल्यासारखी सरकू लागली. खिडकी गप्प. त्यांनी भिंतीलगतची कड साफ केली, झाडाचं बूड साफ केलं, पायरीपर्यंत आल्या. खिडकी गप्प. टकटक सुरू झाल्यापासून सगळं अंगण एका दमात स्वच्छ होण्याची ती पहिलीच वेळ होती. सिस्टरनी आत येऊन स्वतःसाठी चहा केला आणि जिंकल्यासारखा प्यायला.

दुसऱ्या दिवशीही काही वाजलं नाही. तिसऱ्याही नाही. भाच्याला त्यांनी फोनवर अभिमानानं सांगितलं की मशीन उत्तम आहे, कुणाची तक्रार नाही. भाचा म्हणाला, तक्रार करायला आहेच कोण तिथे. तो सहज बोलला, पण सिस्टरना ते लागलं.

कारण खरं तसंच होतं. सकाळी उठल्यावर वाटणारी ती धास्ती आता वाटत नव्हती, आणि तिच्या जागी काहीच वाटत नव्हतं. आधी निदान खराटा हाती घेताना वाटायचं, आता वाजेल, मग वाजायचं, मग दिवसभर वाईट वाटायचं. वाईट वाटण्यातही दिवस जातो. आता कुणी रागावणारंही उरलं नाही. दूधवाला पिशवी फाटकाला अडकवून जायचा, गल्लीतली माणसं आपापल्या घाईत असायची, आणि सिस्टर पंख्याएवढ्या आवाजाचं यंत्र घेऊन अंगणात फिरायच्या, त्या आहेत की नाहीत याचा पत्ता कुणाला लागत नव्हता. जन्मभर हेच तर साधायचं शिकलो, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांना ते मुळीच आवडलं नाही.

एका सकाळी त्यांच्या हातून एक वेड्यासारखी गोष्ट घडली. त्यांनी ब्लोअरचा जोर होता तेवढा वाढवला, नळी वर केली आणि वारा सरळ त्या खिडकीवर सोडला. दोन पानं काचेला चिकटली आणि गळून पडली. आतून काही नाही. सिस्टर स्वतःलाच लाजल्या आणि आत निघून आल्या.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी त्या भिंतीपाशी पानं सरकवत होत्या, तेव्हा पलीकडे खिडकी करकरत उघडली. सिस्टरनी बटण सोडलं. खिडकीत एक बाई होती, पन्नाशीची, केस बांधलेले, हातात धूळ पुसायचं फडकं. ती सिस्टरकडे बघतच राहिली.

“तुम्हीच का त्या झाडणाऱ्या?” तिनं विचारलं.

आला प्रसंग, असं सिस्टरना वाटलं. त्यांनी ब्लोअर खाली ठेवला. आता मी खराटा घेत नाही, हे कमी आवाजाचं यंत्र आहे, पूर्वी त्रास झाला त्याबद्दल माफ करा, असं किती दिवसांचं जुळवून ठेवलेलं सगळं त्यांनी एका दमात सांगून टाकलं. बाईला त्यातलं काही कळलेलं दिसलं नाही.

“म्हणजे तुम्ही इथेच होतात?” ती म्हणाली. “आई म्हणाली, झाडणारी गेली.”

“कुठे गेली?”

बाई अडखळली. “गेली म्हणजे... वारली, असं म्हणाली.”

मग खिडकीच्या चौकटीला टेकून तिनं सगळं सांगितलं. या खोलीत तिची आई होती. डोळे गेल्यापासून खाटेवरच असायची. एक बाई यायची ती अंघोळ, जेवण करून जायची, मुलगी सुट्टीच्या दिवशी. अंधारात दिवस आणि रात्र एकच. पण भिंतीपलीकडे खराटा वाजला की आईला कळायचं, सकाळ झाली. मग ती आपणहून उठून बसायची आणि काठीनं काचेवर वाजवायची. मागे एक दिवस खराटा वाजेनासा झाला. दोन-चार दिवस आईनं वाट पाहिली आणि मग सांगून टाकलं, की ती गेली. त्यानंतर ती बसेचना. चहा पुढे केला तर म्हणायची, अजून उजाडलं कुठे. शेवटी मुलीनं तिला आपल्या घरी नेलं. चौथ्या मजल्यावर आहे घर, तिथे अंगण नाही, झाड नाही. आज ती इथलं सामान आवरून कुलूप लावायला आली होती.

सिस्टर खिडकीच्या आणखी जवळ गेल्या.

“मला वाटलं, त्या रागावतात,” त्या म्हणाल्या. “वाजलं की मी लगेच थांबायचे.”

“तेच तर ती सांगायची,” मुलगी म्हणाली. “मी टकटक केली की ती थांबते. म्हणजे ऐकलं तिनं. मग आपलं बोलणं झालं, म्हणायची.” तिनं फडक्यानंच डोळे पुसले. “रागावेल कशाला हो. दिवसाकाठी तेवढंच एक बोलणं होतं तिचं. बाकी आम्ही बोलायचो आणि ती हं म्हणायची.”

आपलंही दिवसाकाठी तेवढंच बोलणं होतं. ते सिस्टरना त्या क्षणी कळलं, आणि इतकं उशिरा कळल्याबद्दल त्यांना स्वतःचा भयंकर राग आला. उभी हयात आजारी माणसांच्या खाणाखुणा ओळखण्यात गेली. ओठ हलले की पाणी, बोट हललं की उशी. आणि हाताशी असलेल्या खिडकीतून एक म्हातारी रोज हाक मारत होती, तर यांना ऐकू आली ती मेट्रनची पेन्सिल. एवढंच नाही, तर त्या हाकेचा त्रास चुकावा म्हणून त्यांनी सगळ्या दुकानात शोधून शोधून मुकं यंत्र आणलं होतं.

मुलगी खिडकी लावायला लागली तशी सिस्टर भानावर आल्या. त्यांचा आवाज एकदम वॉर्डातला झाला, नातेवाइकांना सूचना देतानाचा. “त्यांची खाट लाकडी आहे की लोखंडी?”

“लाकडी. का?”

“सकाळी फोन त्यांच्या उशाशी ठेवाल? नंबर द्या, मी करेन. तुम्ही काही बोलायचं नाही. काठी मात्र हाताशी द्या.”

संध्याकाळी सिस्टर अंगणात गेल्या. सकाळी यंत्रानं लोटलेला पाला फाटकाजवळ ढिगानं पडला होता. त्यांनी ब्लोअर सुरू केला आणि तो सगळा पाला हळूहळू उलटा लोटत नेला, पार मागच्या भिंतीपर्यंत, आणि त्या खिडकीखाली नीट पसरला. कोरडी पानं सरकवायला ते यंत्र खरंच चांगलं होतं. दुकानदार खोटं बोलला नव्हता. मग त्यांनी न्हाणीघराच्या दारामागून खराटा काढला, त्याची सैल झालेली दोरी आवळून बांधली आणि तो पायरीशी उभा करून ठेवला.

सकाळी त्यांनी फोन लावला. पलीकडे मुलगी हलक्या आवाजात हं म्हणाली, मग काहीतरी सरकवल्याचा आवाज झाला. सिस्टरनी फोन भिंतीवर, कुलूप लागलेल्या घराच्या खिडकीसमोर ठेवला, आवाज पुरा वाढवला आणि खराटा उचलला.

पहिला फटकारा ओढताना खांद्यातून कळ गेली. त्यांनी खराटा डाव्या हातात घेतला. नेहमीची सवय हात हळू ठेवायला बघत होती, ती त्यांनी मोडून काढली. जोर लावला. खर्र. पानं कडकडली. खर्र, खर्र. गल्लीत कुणी झोपलेलं असेल तर असू दे, असं आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या मनात आलं. भिंतीची एक बाजू झाडून झाली. फोनमधून काही नाही, फक्त दूर कुठेतरी भांड्यात पाणी पडत होतं. त्यांनी दुसऱ्या बाजूला सुरुवात केली. निम्मी पानं झाडून झाली. पाण्याचाही आवाज बंद झाला. म्हातारीला आवाज ओळखू येत नसेल. ऐकू येतच नसेल. किंवा मेलेल्या माणसाच्या खराट्याला कोण कशाला उत्तर देईल, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं. त्या झाडत राहिल्या.

टक टक.

काचेवरचा नव्हता तो. लाकडावरचा होता, बोदा आणि अशक्त.

सिस्टर थांबल्या. खराटा जमिनीला टेकलेला होता तसाच धरून, खांद्याची कळ तशीच सोसून, अगदी न हलता उभ्या राहिल्या. झाडाचं एक पान गळून त्यांच्या पायाशी पडलं, तेही त्यांनी बाजूला केलं नाही. त्यांचं थांबणं तिकडे चौथ्या मजल्यावर पुरतं पोचेपर्यंत त्या थांबल्या. मग उरलेलं अंगण झाडायला घेतलं.